रिकामा फेरा

शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीत मला नोकरी लागली ती कारकुनाची. पण हजर झालो त्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "गोदामाचं काम तुम्ही शिकालच. तुमचं खरं काम निराळं आहे. आमच्या गोदामकीपरवर नजर ठेवायची. काय करतो, कुणाशी बोलतो, सुट्टीच्या दिवशी कुठे जातो, ते एका वहीत टिपायचं. दर शनिवारी वही मला दाखवायची."

"त्यांनी काही केलंय का साहेब?"

"तेच तर सापडत नाही," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं गोदामात असून ज्याचं काहीच सापडत नाही, त्याच्यावर संशय नको घ्यायला?"

साहेब पुण्याकडचे. वऱ्हाडात येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, तरी इथलं बोलणं कानावर पडलं की त्यांच्या भुवया वर जात. मी पिंपळगाव राजाचा. मॅट्रिक होऊन तीन वर्षं घरी बसलेला, लग्न झालेलं, नुकतीच मुलगी झालेली. अशा माणसाला नोकरी देणारा जे सांगेल त्याला तो हो म्हणतो. मी हो म्हणालो आणि बाजारातून एक लाल पुठ्ठ्याची वही घेतली.

गोदाम खामगावात, रेल्वेच्या लाइनीला लागून होतं. महाराष्ट्र नुकताच झालेला. आमच्या छापील फॉर्मांवर 'मध्यप्रदेश' होतं, ते खोडून 'मुंबई राज्य' केलेलं, आणि तेही खोडून आता आम्ही 'महाराष्ट्र' लिहीत होतो. गोदामाला दोन दारं. मागच्या दाराला मालगाडीच्या वाघिणी लागत. त्यांतून खत, बियाणं, सरकी, ढेप उतरत असे. पुढच्या दाराला शेतकऱ्यांच्या बैलगाड्या लागत. मध्ये पत्र्याच्या उंच छपराखाली पोत्यांच्या थप्प्या, काही तर अठरा पोती उंच. हे सगळं वर चढवायला आणि खाली उतरवायला बावीस हमाल आणि त्यांचा मुकादम सुखदेव. पेरणीच्या आधीच्या पंधरा दिवसांत पुढच्या दारापासून निघालेली गाड्यांची रांग नांदुऱ्याच्या रस्त्यावर नजर पोचेल तिथवर जाई. आज सकाळी आलेल्या गाडीला उद्या दुपारी पोतं मिळे. तोवर बैल उन्हात आणि माणूस गाडीखाली.

गोदामकीपरला सगळे किपरबाबू म्हणत; त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पुढच्या दारात. पन्नाशीचे, सडसडीत, डोक्याला काळी टोपी, अंगात उन्हाळ्यातही कोट. कोटाचे दोन्ही खिसे फुगलेले. गळ्यात एक कापडी पिशवी, तिच्यात चिंचोके. समोरून एखादा हमाल गेला की ते पिशवीतून एक चिंचोका काढत आणि खिशात टाकत. कधी डाव्या, कधी उजव्या. तोंडानं अक्षर नाही. तासभर हेच.

मी सुखदेव मुकादमाला विचारलं, "हे काय चाललंय?"

"कोनाले ठाव?" तो आजूबाजूला पाहत म्हणाला. "कोनी म्हंते करनी करते, कोनी म्हंते आकडे लावते. मले एकच माईत हाय. तो आमाले मोजून राह्यला. आन् मोजलं का मानूस कमी होते."

चिंचोक्यांचा उलगडा मला आठवड्यानं झाला, आणि तोही निरखून. पोतं घेऊन जाणारा हमाल गेला की चिंचोका डाव्या खिशात. मोकळ्या हातानं जाणारा गेला की उजव्या. उजवा खिसा नेहमी जास्त फुगलेला असे. वहीत मी लिहिलं, 'भरल्या आणि रिकाम्या फेऱ्या मोजतात. कारण समजत नाही.' साहेबांनी 'कारण समजत नाही' याखाली लाल रेघ मारली.

संशय काय फक्त आम्हीच घेत होतो असं नाही. किपरबाबू आमच्यापेक्षा दहापट संशयी होते. कुणाच्याही एका सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. मला त्यांनी विचारलं, "कोन गावचा रे तू?" मी सांगितलं. मग हेच त्यांनी सुखदेवला विचारलं, मग चहावाल्याला. तिघांचं उत्तर एक निघालं तेव्हा कुठे मी पिंपळगाव राजाचा झालो. किती वाजले हेसुद्धा ते तीन घड्याळांना विचारत: स्टेशनवरचं, साहेबांच्या भिंतीवरचं आणि स्वतःच्या खिशातलं. तिन्ही वेगळी असत. मग ते दिवसभर कष्टी दिसत.

दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे ते मोकळ्या हातानं कुठे जात नसत. चहा प्यायला निघाले तर आदल्या चहाचे कप घेऊन निघत. मागच्या दाराकडे जायचं असलं की वाटेतली एखादी फाटकी गोणी, तुटलेली फळी उचलून नेत, आणि येताना तिथलं काहीतरी घेऊन येत. "रिकामा फेरा म्हंजे अर्धं आयुष्य वाया," असं म्हणत. त्यांच्या घरी कोणी भेटायला आलं की निघताना ते त्याच्या हातात काहीतरी कोंबत, भोपळा, वर्तमानपत्राची रद्दी, काहीही. लोकांना वाटे, हा माणूस आपल्याला चोरीचा माल पोचवायला लावतोय. एकजण तर रस्त्यातच भोपळा कापून आत काही आहे का ते पाहून आला होता.

मी त्यांच्या घरी गेलो तो वहीसाठीच. त्यांच्या पत्नीनं चहा ठेवला आणि चहा-साखरेचे डबे शोधत बसली.

"काल इथंच होते," ती म्हणाली. "यायनं पुन्हा हालवले असतीन. रोज किती डाव कोनता डबा काढतो ते मोजते हा मानूस. जे जास्त लागते ते चुलीजवळ, जे कमी लागते ते माळ्यावर. पापडाचा डबा माळ्यावर गेला तो दिवाळीलेच उतरला. एक दिवस मलेच उचलून दाराजवळ बसवलं. म्हने, तूच सगळ्यात जास्त लागते."

ती हसली. मीही हसलो. बाहेर आल्यावर वहीत काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं, 'घरी संशयास्पद काही आढळलं नाही.' साहेब वैतागले.

त्याच महिन्यात किपरबाबूंनी गोदामाची मांडणी मोडली. आमच्याकडे पूर्वापार पद्धत अशी की खत एका बाजूला, बियाणं एका बाजूला, सरकी-ढेप मागे. ओळीनं, नीट, पाहणाऱ्याला बरं वाटेल असं. किपरबाबूंनी आठ दिवसांत सगळं मिसळून टाकलं. ज्वारीच्या बियाण्याच्या शेजारी खत, खताच्या शेजारी ढेप, आणि बरीचशी जागा कशाचीच ठरलेली नाही. उद्या-परवा जाणार तो माल पुढच्या दाराशी, महिन्यानं जाणार तो लांब. खांबांवर खडूच्या खुणा, त्या फक्त त्यांनाच कळत. कुठलं पोतं कुठे आहे ते दुसऱ्या कुणाला सांगता येईना.

साहेब मला म्हणाले, "पाहिलंत? जिथे एकट्यालाच माल सापडतो तिथे माल गेला तरी एकट्यालाच कळतो."

आणि उद्या काय जाणार हे किपरबाबूंना कसं कळायचं? ते रविवारी बाजारात फिरत आणि दिसेल त्या शेतकऱ्याला विचारत, "यंदा काय पेरून राह्यले?" सोनाळ्याकडच्यांना, पिंपळगावकडच्यांना, प्रत्येकी तीन माणसांना. शेतकऱ्यांना वाटे हा सरकारचा माणूस, धान्य ताब्यात घ्यायला आलाय. ते खोटं सांगत. किपरबाबूंना ते खोटं सांगताहेत हेही माहीत असे, म्हणून तर तिघांना विचारायचं. तिघं तीन प्रकारचं खोटं बोलले तरी मधून खरं बाहेर पडतं, असं त्यांचं मत.

मांडणी बदलल्यावर त्यांनी हमालांचं चालणं बदललं. मागच्या दारातून आलेलं पोतं थप्पीवर टाकायचं आणि मोकळं परतायचं नाही. तिथूनच पुढच्या दाराचं पोतं उचलायचं. पुढच्या दारातून माघारी येताना रिकाम्या गोण्या आणायच्या. हमाल कुरकुरले, पण पोत्यामागे हमाली होती आणि पोती जास्त जात होती. दोन आठवड्यांत गाडीचा नंबर दुसऱ्या दिवशीऐवजी त्याच दिवशी चारपर्यंत लागू लागला. मी हे वहीत लिहिलं. साहेबांनी त्या ओळीखाली काहीच केलं नाही.

मग विहिरीचं प्रकरण झालं. गावाबाहेर एक विहीर होती, तिच्यावर बायका पाण्याला येत. तिथल्या एका बाईनं सोसायटीत येऊन तक्रार केली, की तुमचा कोटवाला बाबू रोज विहिरीवर येऊन उभा राहतो आणि टक लावून पाहतो. साहेबांचा चेहरा उजळला. मला त्यांनी पाठवलं. मी बाभळीआड उभा राहिलो. किपरबाबू आले आणि खरंच विहिरीजवळ उभे राहून पाहू लागले. बायकांनी पदर सावरले. एकजण मोठ्यानं म्हणाली, "बाप्पा! आमच्याकडं पाह्यलं असतं त शिव्या देता आल्या असत्या. हा त वर चाकाकडं पाह्यते!"

खरंच ते वर चाकाकडे पाहत होते. त्या विहिरीवर एकाच दोराला दोन बादल्या होत्या. भरलेली वर आली की रिकामी खाली जाई.

मी वहीत लिहिलं, 'विहिरीवर दोन तास उभे होते.' चाकाचं लिहायचं राहून गेलं, की मी मुद्दाम लिहिलं नाही, हे आज मला सांगता येणार नाही. साहेबांनी तिथे दोन लाल रेघा मारल्या आणि बाजूला 'चारित्र्य' असं लिहिलं.

दोन दिवसांनी किपरबाबूंनी मला थप्प्यांच्या मागे बोलावलं.

"तू माह्या मागं फिरून राह्यला," ते म्हणाले. "मले तिघायनं सांगतलं."

माझा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"लाल पुठ्ठ्याची वही ना? लिहीत जाय. माह्यं काई म्हननं नाही. पन बराबर लिहीत जाय. विहिरीवर मी दोन घंटे नव्हतो, पाऊन घंटा होतो. तिन्ही घड्याळं पाहून गेलो होतो."

"चुकलं बाबू."

"आन् दिवसभर मागं फिरतच हायेस, त रिकामा काऊन फिरतं? मोजत जाय. मी मोजतो, तूबी मोज. दोघायचं जुळते का पाहू."

तेव्हापासून मी मोजायला लागलो. वहीच्या पुढच्या पानांवर साहेबांसाठी, मागच्या पानांवर त्यांच्यासाठी. संध्याकाळी आम्ही आकडे पडताळत असू. जुळले नाहीत की ते माझ्याकडे असे पाहत, की जणू ते एक पोतं मीच घरी नेलं.

वैशाखात एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातून त्यांनी लोखंडी दांडे, एक मोठं चाक आणि जुना दोरखंड आणला. साहेबांनी परवानगी दिली. मला म्हणाले, "करू द्या. माणूस असल्याच कामात पकडला जातो." छपराच्या आडव्या तुळयांखाली, थप्प्यांच्या वरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी दांड्यांची वाट बांधली. तिच्यावरून चाक सरकत जाई. चाकावरून दोर, आणि दोराच्या दोन टोकांना दोन पाळणे, तराजूच्या पारड्यांसारखे. वरच्या थप्पीवरून जाणारं पोतं एका पाळण्यात ठेवलं की ते खाली येई, आणि खाली आलेलं नवं पोतं दुसऱ्या पाळण्यातून वर जाई. वजन वजनाला ओढत होतं. माणसानं फक्त दोर हातात ठेवून वेग आवरायचा आणि हलकासा धक्का द्यायचा. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढणं संपलं. दोन सुतारांना घेऊन एक महिना ते हे करत होते. लोक म्हणाले, छपरातून माल पळवायची सोय चाललीय.

पाळणा पहिल्यांदा चालला तो शुक्रवार. साहेब बैठकीसाठी बुलढाण्याला गेले होते. मागे दोन वाघिणी लागलेल्या, पुढे पेरणीच्या गाड्यांची मोठी रांग. किपरबाबूंनी सात माणसं निवडली आणि दोर स्वतः धरला. "याचा वेग अजून कोनाले माईत नाही," म्हणाले. बाकीच्या पंधरा हमालांना सांगितलं, "तुमी लिंबाखाली बसा."

आठ वाजता सुरू झालं. मी दारात उभा राहून मोजत होतो. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा दोर अडकला. मग जे लागलं ते लागलं. एक पोतं उतरतंय, एक चढतंय, चाक सरकतंय, पुढच्या थप्पीवर थांबतंय, पुन्हा उतरतंय. एकही पाळणा रिकामा वर जात नव्हता, एकही रिकामा खाली येत नव्हता. बाहेर गाडीवाले आधी ओरडत होते, मग गप्प झाले, मग बैल जुंपायची घाई करू लागले, कारण नंबर लागेल असं वाटायच्या आत नंबर लागत होता. किपरबाबूंच्या हाताची सालं निघाली होती. टोपी कुठे पडली होती. त्यांना इकडे तिकडे पाहायलाही सवड नव्हती. दोर सुटला असता तर खालचा माणूस गेला असता.

बाराच्या भोंग्याला ते थांबले आणि तिथेच पोत्यांना टेकून खाली बसले. त्यांच्यानं उठवेना. दोघांनी धरून त्यांना घरी नेलं.

लिंबाखाली बसलेले पंधरा जण मात्र सकाळपासून दाराकडेच पाहत बसले होते. सुखदेव दुसऱ्या दिवशी सकाळीच किपरबाबूंपुढे उभा राहिला. "बाबू, तुमचा पाळना लय चांगला," तो म्हणाला. "पन त्याच्यात आमचे लेकरं झोपतीन का?"

"येडा हायेस का बे?" किपरबाबू म्हणाले. "बावीस जनच राहतीन. पोतेबी तेवढेच. फक्त दुपारी घरी जाल."

ते मनापासून बोलत होते. त्यांना खरंच असंच वाटत होतं, की काम लवकर झालं की माणसं लवकर घरी जातात. सुखदेवनं मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही.

त्याच दुपारी साहेबांनी किपरबाबूंना बोलावलं. मीही वही घेऊन तिथेच होतो. साहेब खुशीत होते. "ऐकलं मी. सात माणसांत भागतं म्हणे. छान. आपण दहा ठेवू. पेरणी संपली की बारा कमी करू. मंगळवारी डायरेक्टर मंडळी पाहायला येणार आहेत. त्यांच्यासमोर पाळणा चालवून दाखवा, लगेच ठराव करून घेतो."

किपरबाबू दाराकडे वळले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय म्हटलं सायबानं?"

"बारा कमी करू म्हणाले."

दाराशी शिपाई होता. त्यानंही आतलं ऐकलं होतं. त्याला विचारलं. तोही म्हणाला, बारा. मग किपरबाबू परत आत गेले. मी दारातून पाहत होतो. "साहेब, बाराच का?" त्यांनी विचारलं. साहेब हसून म्हणाले, "जास्तही करता येतील."

सोमवारी दिवसभर ते गोदामात काहीतरी हलवत होते. मी पाहत होतो आणि मला कळत नव्हतं. पुढच्या दाराजवळचं ज्वारीचं बियाणं त्यांनी पार मागच्या कोपऱ्यात नेलं. महिनाभर न लागणारी ढेप दाराशी आणून लावली. पहिल्यांदा मला वाटलं, दगदगीनं यांचं डोकं फिरलं. मग दुसरा संशय आला, तो त्याहून वाईट: हमालांनी यांना धमकावलं असेल.

मंगळवारी तीन डायरेक्टर आले. त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या, लिंबूपाणी आलं. बाहेर तितकीच रांग. आठ वाजता किपरबाबूंनी दोर धरला.

पहिला गाडीवाला बियाणं मागत होता. ते मागच्या कोपऱ्यात. चाक तिथपर्यंत सरकत नेलं, पोतं उतरवलं, आणि किपरबाबू म्हणाले, "जाऊ द्या वर."

"बाबू, वर जायचं पोतं ठेवू ना?" खालच्या हमालानं विचारलं.

"नको. तसंच जाऊ द्या."

रिकामा पाळणा वर गेला. मग चाक पुढच्या दाराकडे रिकामं आलं. मग पुन्हा मागे रिकामं गेलं. मी मोजायला सुरुवात केली होती, पण काही वेळानं मला मोजवेना. तो माणूस तीन तास स्वतःच्या हातानं रिकामे फेरे मारत होता. त्याचा चेहरा दगडासारखा होता. एक डायरेक्टर जांभया देत होते. दुसऱ्यांनी घड्याळ पाहिलं. बाहेर बैल धापा टाकत होते आणि गाडीवाले शिव्या देत होते. त्यातला एक म्हातारा सरळ दारात येऊन उभा राहिला.

"काऊन रे, तू सोनाळ्याचा ना? आपल्याच गावच्या मानसाले उन्हात मारतं का बे? झोपला का तू?"

किपरबाबूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचा हात क्षणभर थांबला. मला वाटलं, आता हे सगळं सोडून देतील आणि शुक्रवारसारखा दोर खेचतील. त्यांनी मान खाली घातली. "जाऊ द्या वर," म्हणाले. पाळणा रिकामा वर गेला.

अकरा वाजताच डायरेक्टर उठले. "यापेक्षा आमचे हमाल बरे," एकजण म्हणाले आणि बाकीचे हसले. हमालही हसले. सुखदेव माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पाह्य, म्या म्हटलं नव्हतं? याचं डोस्कं फिरेल हाय." त्याला काहीच कळलेलं नव्हतं.

साहेबांना मात्र शंका आली. त्यांनी मला खोलीत नेलं, दार लोटलं.

"शुक्रवारी बारा वाजता रस्ता मोकळा झाला होता असं मी ऐकलं. खरं?"

माझ्या डोळ्यांसमोर मुलगी आली, नोकरी आली. वही माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मागच्या पानावर शुक्रवारचा आकडा होता.

"शुक्रवारी गाड्याच कमी होत्या साहेब," मी म्हणालो.

"वही दाखवा."

"घरी राहिली."

साहेब बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. किपरबाबूंकडे ते जसे पाहत तसेच. मग म्हणाले, "उद्या आणा." मी घरी जाऊन ते एक पान फाडलं, चुलीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी वही त्यांच्यापुढे ठेवली. पानं मोजायची त्यांना सवय नव्हती.

पाळणा आठवड्यात उतरवला. दांडे पुन्हा भंगारात गेले. मंगळवारी भरायच्या राहिलेल्या गाड्या बुधवारी हमालांनी खांद्यावर पोती वाहून मार्गी लावल्या. दाराशी लागणारा माल दाराशी, ही मांडणी किपरबाबूंनी जाण्यापूर्वी परत लावून दिली, आणि मोकळं परतायचं नाही हा नियम हमालांच्या अंगवळणी पडला होता, तोही राहिला. गाडीचा नंबर पुढेही चारपर्यंत लागत गेला. बावीसच्या बावीस हमाल राहिले. किपरबाबूंची बदली डोणगावच्या लहानशा गोदामात झाली. तिथे इनमीन चार थप्प्या होत्या. आदेशात साहेबांनी लिहिलं, 'यांत्रिक प्रयोगात सोसायटीचा वेळ व लाकूड वाया घालवल्यामुळे.'

एस.टी. स्टँडवर त्यांना पोचवायला मी एकटाच गेलो. त्यांची बायको आधी पुढे गेली होती. ट्रंक टपावर चढवली. बस सुटायला वेळ होता. ते माझ्याकडे संशयानं पाहत होते.

"सायबाले तू काय सांगतलं?"

"गाड्या कमी होत्या म्हणून सांगितलं."

"काऊन?"

"तुम्ही रिकामे फेरे का मारले?"

त्यांनी टपावरच्या ट्रंकेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सुखदेव बराबर होता. मले कळलंच नाही. मी समजत होतो, काम लवकर झालं का मानूस घरी जाते. इथं मानूस लवकर घरी गेला का त्याले परत बोलवतच नाहीत."

कंडक्टरनं हाक दिली. ते पायरीवर चढले आणि तिथेच वळले.

"त्या शुक्रवारी तू मोजलं का रे?"

"मोजलं ना."

"माह्ये हात दोरात होते. मी नाही मोजलं." त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "किती?"

"दोनशे तेरा फेरे. चार तासांत, सात माणसांत. रिकामा फेरा एकही नाही, पहिल्या अर्ध्या तासातले दोन सोडून."

ते ओठ हलवत राहिले.

"आन् बाराले रस्त्यावर किती गाड्या उरल्या होत्या?"

"एकही नाही बाबू."

"एकबी नाही?"

"एकही नाही. मी बाहेर येऊन पाहिलं. नांदुऱ्याकडं पार मोकळा रस्ता. शेण पडलेलं, कडब्याच्या काड्या पडलेल्या. एक कुत्रं मधोमध झोपलं होतं. सावलीत आलं होतं ते, पण सावली कुणाच्याच गाडीची नव्हती, लिंबाची होती."

कंडक्टरनं दुसऱ्यांदा घंटी मारली. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. आतली माणसं कुरकुरायला लागली.

"चला ना हो बाबा, गाडीले वेळ होऊन राह्यला," कंडक्टर म्हणाला.

"थांब ना भाऊ दोन मिन्टं," किपरबाबू त्याच्याकडे न पाहता म्हणाले, आणि दांडी घट्ट धरून मला म्हणाले, "कुत्रं कुठलं होतं रे? सांग. सगळं सांग."